दारावर न लावलेला कागद

बुर्गास, गुरुवार

प्रिय ओग्न्यान,

तू बोटीवर झोपेतच गेलास आणि तिकडच्याच बंदरात तुला पुरलं, हे तुझ्या बोटीवरच्या प्लामेनने फोनवर सांगितलं. लगेच म्हणाला, "वहिनी, त्याच्या पगाराचं कार्ड परदेशातल्या त्या बेटावरच्या बँकेचं, नाव फक्त त्याचं. तो गेल्याचं बँकेला कळलं तर बंद करतील. गप्प राहा, रोज थोडे थोडे काढून घ्या."

माणूस गेला की आपल्या गल्लीत त्याच दिवशी त्याचा फोटो छापलेला कागद दारावर लागतो, चाळिसाव्या दिवशी पुन्हा एक. मी लावला नाही. चर्चमध्ये मेणबत्तीसुद्धा वर, जिवंतांच्या रांगेत लावली. रोज सकाळी पैसे काढायच्या मशीनपाशी जायचे. शेजारची त्सोन्का हसायची, "अगं, नवरा काय त्या मशीनमधून बाहेर येणारे का?" मीही हसायचे.

काल मशीनने कार्ड नाकारलं. बँकच बुडाली म्हणे. प्लामेन म्हणाला, "आपली बँक असती तर सरकारने काहीतरी भरून दिलं असतं. त्या बेटाचे आपण कोण लागतो?" कर नको, कटकट नको म्हणून ते कार्ड तूच घेतलं होतंस. मला राग आला नाही. काहीच आलं नाही.

आज छापखान्यात गेले. तुझा टोपीतला फोटो दिला. तिथल्या मुलीने मान वर न करता विचारलं, "आज गेल्याचा कागद, का चाळिसाव्या दिवसाचा?"

मी बोटांवर मोजलं आणि म्हणाले, "चाळिसाव्याचा."

तुझीच,
रादोस्तिना