झटकायचं राहिलं ते

सोमवार
नवी नोकरी, नवं शहर आणि राहायला धाकट्या भावाचं घर! माझी कंपनी बुडाल्यावर त्यानेच माझ्यासाठी शब्द टाकला. नको नको म्हणताना माझ्या ट्रंका स्वतः वर चढवल्या. ऑफिसात टेबलंही शेजारी-शेजारी. त्याने लिहिलेला कर्नलचा, म्हणजे संगणकाच्या मूळ प्रणालीचा, कोड तपासायचा, हे माझं काम. एका खऱ्या मशीनच्या पोटात अनेक आभासी मशीन चालतात. ती बंद करताना प्रोसेसरच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, अडकून राहिलेलं सगळं झटकून टाकावं लागतं, म्हणजे फ्लश करावं लागतं. नाहीतर ते मागाहून भलत्याच मेमरीवर जाऊन बसतं. ही रोजनिशीही मी टेस्टच्या अशाच एका आभासी मशीनवर लिहितोय. लिहून झालं की मशीन बंद. कुणाला पत्ता नाही.

बुधवार
बॉसबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, याच्या कोडमध्ये खोट काढायला जागाच नसते. मग माझ्याकडे वळून विचारलं, तुम्ही याचे मोठे भाऊ ना? 'मोठे' ऐकून कुणीतरी फिसकन हसलं. अपूर्णांक मी शिकवले याला, कान पिळून! आईचा फोन आला, त्यातही त्याचंच कौतुक. मला एवढंच, की त्याच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस. पोटात कुणी निखारा ठेवावा तसं झालं.

शुक्रवार
त्याचा फ्लश प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरवर, म्हणजे प्रत्येक गाभ्यावर, चालतो, म्हणून मशीन बंद व्हायला जरा वेळ लागतो. मी शेरा मारला: अनावश्यक, काढून टाका. अनावश्यक नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्याने विचारलं, "दादा, नक्की ना?" मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास नाही?" त्याने मुकाट्याने ओळ काढली. आता टेस्ट कोसळेल. कोसळू दे. एकदा तरी त्याचं नाक खाली होऊ दे.

मंगळवार
कोसळली. बाई त्याला नको नको ते बोलल्या. मला जेवण गोड लागलं. पण घरी येताना तो म्हणाला, बिघडलेल्या मेमरीत मराठी वाक्यं सापडली. पोटात कुणी निखारा ठेवावा, असं काहीतरी. कोण लिहीत असेल रे दादा?
मी हसलो. विषय बदलला.

बुधवार
ते मशीन पुसून टाकलं. आता कागदावर. पेनने.

गुरुवार
आजही त्याच्या स्क्रीनवर — कालची कागदावरची ओळ. शब्दन्‌शब्द. वही तर माझ्या खिशात —
त्याला कळलंय. तरी नेहमीसारखं माझं ताट वाढलं. त्यापेक्षा चार शिव्या —

शुक्रवार
दुपार. सगळे मीटिंगला. आम्ही दोघंच. तो त्याच्या टेबलाशी, मी माझ्या.
माझ्याकडे न बघता म्हणाला, दादा, हे तू अजून लिहिलं नाहीस ना? आवाज ओला होता.
स्क्रीनवर आजची तारीख. खाली भाषा माझीच — तो पाठमोरा बसलाय, त्याची मान —
नाही. हे मी लिहिलेलं नाही. लिहिणारही —
पुढची ओळ उमटतेय. मी त्याच्या मागे उभा आहे, म्हणे.
पण मी इथे बसलोय. पेन माझ्या हातात —
त्याच्या खुर्चीमागे कुणीतरी — शर्ट माझाच — हात वर
धाकट्या, ऊठ, मागे ब