कधीच खरी न होणारी अट

७ मार्च, शुक्रवार

काढून टाकला एकदाचा! ‘ही अट कधीच खरी होणार नाही’ हा इशारा आजपासून आमच्या कंपायलरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, बंद. शंभरातल्या नव्वद वेळा उगाच यायचा. गिऱ्हाइकांची कटकट, वर आमचा ऑफिसचा नियम — आठवडाभर एकही इशारा आला नाही तर शुक्रवारी टीमला मिसळ. तीन महिने मिसळीचं तोंड पाहिलं नव्हतं कुणी.

अतीक तेवढा अडून बसला. “ज्ञानदा मॅडम, उरलेल्या दहा वेळांचं काय?” मी म्हटलं, सारखं ओरडणाऱ्याकडे लक्ष कोण देतं? सगळे हसले. मिसळीला तो आला नाही. रोजे चालू आहेत त्याचे, तरी मला टोचलंच.

१४ मार्च

इशारे शून्य. मिसळ झाली.

६ मे, मंगळवार

भूगावच्या आमच्या सोसायटीचा पंप भरदुपारी जळाला. खालची टाकी रिकामी आणि हा कोरडाच फिरत राहिला. पाणी संपलं की आपोआप बंद व्हायला हवा — ते यंत्र आमच्याच कंपनीचं. कमिटीचे जनार्दनराव म्हणाले, जयसिंगने पंप हाताने चालू केला आणि झोपला.

जयसिंगकाका आठ वर्षं पंप सांभाळतायत. संध्याकाळी दारात आले. “ताई, बटन आटोवरच व्हतं. मी जागा व्हतो. मशीन चुकलं आसंल का?”

मी म्हटलं, “काका, मशीन चुकत नाही. डोळा लागला असेल तुमचा. लिहून द्या, माफी मागा, नोकरी तरी राहील.” त्यांनी लिहून दिलं. मजकूर मीच सांगितला.

९ मे

काकांची नोकरी नाही राहिली. लिहून दिल्यामुळे काढणं उलट सोपं गेलं!

१९ मे, सोमवार

अतीकने आपणहून त्या यंत्राचा प्रोग्रॅम काढून वाचला. एप्रिलमध्येच बदललेला. ओळ दाखवली — पाणी शून्याच्या खाली गेलं तर पंप बंद कर. शून्याच्या खाली! रिकाम्या टाकीत पाणी शून्य असतं, उणे कुठून येणार?

मग त्याने तोच प्रोग्रॅम इशारा बंद करण्याआधीच्या, फेब्रुवारीतल्या कंपायलरवर चालवला. पिवळी ओळ आली — ही अट कधीच खरी होणार नाही.

अतीक आपल्या जागेवर जाऊन कामाला लागला. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. दहा वेळांचं काय, म्हणून त्याने विचारलं होतं आणि मी सगळ्यांसमोर त्याला हसण्यावारी नेलं. लाज वाटते.

२० मे

इशारा परत चालू केला. टीमने तोंडं वाकडी केली, करू देत.

कमिटीला पत्र दिलं — चूक आमची, जयसिंगकाकांची नाही. जनार्दनराव म्हणाले, “मग त्याने कबूल कशाला केलं?” मी म्हटलं, मीच करायला लावलं. एक तारखेपासून काकांना परत घेणार.

२५ मे, रविवार

चांद्याला, काकांच्या गावच्या घरी गेले. पहिल्यापासून सगळं सांगितलं. हात जोडले. काका म्हणाले, “न्हाई ताई. तुमीच म्हनला व्हता न्हवं, मशीन चुकत न्हाई. मला आता समदं आठवतंय. झोपच लागली व्हती मला. माझ्यापायी तुमी खोटं नका बोलू.”