जत्रा शिरगावात, मी अलाबामात

८ एप्रिल, बर्मिंगहॅम
टेबलाच्या खणात माझं तिकीट सापडलं. परतीची तारीख १२ होती, ती आता ३ मे. दिलीपने मला न विचारता पुढे ढकलली! त्याआधीच, याच महिन्यात पंचमीला शिरगावच्या लईराई देवीची जत्रा. एकवीस वर्षं धोंड म्हणून, देवीचं व्रत धरून, होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालतोय, एकदाही चुकलेलं नाही. माझ्याच खांद्यावर बसून जत्रा बघितलेला पोर हा. विचारलं तर म्हणतो, "बाबा, इतली घाय कित्याक? अजून कितलें पळोवपाचें उरलां." बघायचं उरलंय म्हणे!

९ एप्रिल
आज 'लाल डोंगर'. रस्त्यासाठी मधोमध कापलाय, आत लोहखनिजाचे थर. लोक फोटो काढतात. शिरगावच्या खाणीवर तीस वर्षं टाइमकीपर होतो, ती लाल माती बनियनमधून अजून गेलेली नाही. तीच बघायला एवढ्या लांब आणलं! नंतर टेकडीवरचा लोहाराचा लोखंडी पुतळा. पुढून एप्रन, मागून उघडा. सून हसली. मी नाही.

१० एप्रिल
गुहा. छताला दगडी झुंबरं. सुंदर होती, पण दिलीपसमोर कबूल केलं नाही. गाइडने गाव विचारलं. गोवा म्हटलं, वर्ष होत आलं, आता आमचं स्वतःचं राज्य आहे. दिलीपला म्हटलं, राज्य मिळालं रे, माझं तिकीट काही मिळत नाही.

११ एप्रिल
धबधबा. जत्रेचं व्रत इथूनच धरायचं ठरवलं. धोंडाने नळाखाली न्हायचं नसतं. पंचा नेसून उतरलो, दोन बुड्या मारल्या, तोच शिटी! टोपीवाला रखवालदार धावत आला. दिलीप त्याच्यापुढे 'सॉरी, सॉरी'.
"बाबा, हांगा अशें न्हायनात!"
"मागीर खंय न्हातात? त्या बाथटबात?"
परतताना ओला पंचा गाडीच्या खिडकीत वाळत घातला.

१२ एप्रिल, मोबीलच्या पुढे समुद्रावर
आजचं विमान मला सोडून गेलं. वाळू साखरेसारखी पांढरी. अनवाणी चाललो, डावा पाय टेकवेना. दिलीप बघत होता.

१३ एप्रिल
दिलीपने पत्र पुढे ठेवलं. अक्षर हिचं! लिहिलंय, गेल्या जत्रेत ह्यांचा तळवा भाजला, साखरेमुळे भरत नाही, जत्रा होईपर्यंत ठेवून घे. म्हणजे विमानतळावर डोळे पुसत मला निरोप देणारी बाई यात सामील! सगळ्यांनी मिळून मला फिरवलं. डोंगर काय, गुहा काय.
"तुमकां देवी जाय. म्हाका बापूय जाय," दिलीप म्हणाला. मला देवी हवी, त्याला बाप हवा.
व्रत चोख असेल तर आग लागत नाही म्हणतात. मग एकवीस वर्षांनी मला का लागली? तेच विचारायला जायचंय देवीला. हे पोराला कसं सांगू? लाज वाटते.

१४ एप्रिल, बर्मिंगहॅम
तरी सकाळी सांगितलं. सगळं. त्याने हातातला कप खाली ठेवला. मग, "पांय दाखयात." मी मोजा काढला. त्याने खाली बसून माझा पाय मांडीवर घेतला, किती तरी वेळ बघत होता. नंतर फोन उचलून आतल्या खोलीत गेला, दार लावलं. विमानवाल्यांशी बोलतोय की डॉक्टरशी, ऐकू येत नाही. अर्धा तास झाला. उठून विचारायचा धीर होत नाही.