कातळावरचं फाटक

१२ मे २०२५

करंज पाडला! मशीन लावून, एका सकाळीत. मी धुण्याची बादली घेऊन पोचले तर झाड अर्धं नदीत, अर्धं कातळावर. पानं अजून हिरवीगार.

आणि तिथे पिवळी टोपी घालून उभा कोण, तर आमचा ओमकार. माझा पाठचा भाऊ. ठेकेदाराने त्याला सुपरवायझर केलाय.

"ताई, बाजूला हो, लागंल."

म्हटलं, हे काय चाललंय? तर म्हणे, "सुशोभीकरण हाय गो. दिवाळीपर्यंत असा कातळ होईल, तुमी वळखणार पण नाय."

तेच तर भ्या वाटतंय, मेल्या!

१५ मे

आईकडे गेले. ती पण ओमकारवर चिडलेली, पण त्याच्यासमोर बोलत नाही. त्याच्याच पगारावर घर चालतं ना.

आईला सगळं आठवतं. कातळावरच्या पायऱ्या तिच्या सासऱ्याच्या वेळच्या. घरटी एक माणूस कामाला आला, दगड नदीतलेच, मुकादम कोणी नाही. ग्रामसभा तिथे, लग्नाची बोलणी तिथे, भांडणं तिथे मिटायची. मग एका पुढाऱ्याने पत्र्याची शेड घातली. शेडपेक्षा नावाचा बोर्ड मोठा! २००५ च्या पुरात शेड गेली, बोर्ड गेला, पायऱ्याही अर्ध्या गेल्या. पाणी उतरल्यावर चिखल काढला बायांनी. मी गावातल्या गावात दिलेली, नवी नवरी होते, घमेली मीही उचलली. पायऱ्या पुन्हा बसवल्या त्या आम्हीच. तेव्हा एक साहेब फिरकला नाही.

आता म्हणतात, गावाला नदीकाठ देतोय. कोणाचा कोणाला देताय?

२ सप्टेंबर

गौरींचं विसर्जन. डोक्यावर गौरी घेऊन आम्ही सगळ्या जणी पत्र्याच्या कुंपणाशी उभ्या! आत काम चालू, जाऊ देणार नाही. शाळेच्या मैदानात प्लास्टिकची टाकी ठेवलीय म्हणे, तिथे बुडवा.

बुडवल्या. रडू आलं रागाने. येताना नदीतले खडे आणून घरात चहूकडे टाकायची आमची रीत. टाकीतून काय आणायचं? निळं प्लास्टिक?

शेजारची धोंडीबाई काठी टेकत आली होती. मैदानात बसून म्हणाली, "मी मेल्यावर मला पण टाकीतच बुडवा रे बाबांनो." सगळ्या हसल्या. मला नाही हसू आलं.

२० सप्टेंबर

काम झालं. लोखंडी फाटक, मोठं कुलूप. आत फरशा, रंगीत दिवे, सिमेंटचा मोर. पायऱ्यांवर सिमेंट ओतून गुळगुळीत केलंय. पावसात तिथून एक तरी म्हातारी घसरणार.

फाटकावर पाटी. कपडे धुण्यास मनाई. गुरं आणण्यास मनाई. धार्मिक विधींना मनाई. घोळक्याने बसण्यास मनाई.

मग नदीवर माणसाने करायचं तरी काय? मोरासोबत फोटो!

३० सप्टेंबर

उद्घाटनाच्या पाहुण्यांची तारीख मिळत नाही. कुलूप तसंच.

६ ऑक्टोबर

तालुक्याच्या ऑफिसात जाऊन आले. साहेब म्हणाले, ताबा अजून ठेकेदाराकडे आहे. ठेकेदार म्हणाला, हुकूम साहेबांचा. चेंडू खेळतायत मेले!

येताना आईकडे ओमकार भेटला. किल्ली त्याच्याच कमरेला. म्हटलं, सकाळी तासभर उघड, बायांना धुणं धुवू दे. खाली पुलाशी गटाराचं पाणी येतं, पोरांच्या अंगावर पुरळ उठलंय.

"माज्या हातात नाय, ताई. नोकरी जाईल."

"मग जाऊ दे!"

"तुला सोपं हाय बोलायला. भावजींची कंपनी पर्मनंट हाय."

आई मध्ये पडली म्हणून. नाहीतर आज मी त्याच्या थोबाडीत दिली असती. एवढा मोठा झाला तरी.

८ ऑक्टोबर

धोंडीबाई गेली. दुपारी जेवून लवंडली ती उठलीच नाही.

१७ ऑक्टोबर

हात अजून दुखतोय.

आज धोंडीबाईचं दहावं. तिच्या लेकाने, हनुमानने, काल ओमकारला फोन केला होता, विधीपुरतं उघड म्हणून. ओमकार म्हणाला, पुलाखाली करा. गटाराशी! जी बाई अख्खा जन्म कातळावर धुणं आपटत जगली, तिचे पिंड गटाराशी?

हनुमान ऐकला नाही. डोकं भादरलेला, पिंडांचं ताट घेऊन फाटकाबाहेर रस्त्यावर बसला. भटजी घड्याळ बघतायत. शेजारून डंपर जातायत, पिंडांवर धूळ. हनुमान उपरणं आडवं धरून झाकतोय. पन्नाशीचा माणूस, लेकरासारखा रडत होता.

माझं डोकंच फिरलं. घरी गेले, पाट्यावरचा वरवंटा उचलला, आले आणि घातला कुलुपावर. एकदा, दोनदा, कितीदा माहीत नाही. मागून बाया ओरडतायत, "घाल गो मीना, घाल!" कुलूप तुटलं आणि आम्ही सगळे आत.

कावळा लगेच शिवला. म्हातारीला घाई होती बहुतेक. मग कोणी उठेचना. बाया पाण्यात पाय सोडून बसल्या, पुरुष मोराला टेकून. दुपार कलेपर्यंत घोळक्याने बसलो! किती महिन्यांनी.

ओमकार आला होता. फाटकात उभा राहिला. तुटक्या कुलुपाकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं. निघून गेला.

१९ ऑक्टोबर

ठेकेदार ओमकारला म्हणाला, "दिवाळी झाली की नावं घेऊन चौकीत ये. एक पण बाई सुटता कामा नये." हनुमानने स्वतःच्या कानाने ऐकलं.

म्हणजे माझा भाऊ माझं नाव देणार. देऊ दे! मी घाबरत नाही. पण त्या बिचाऱ्या बाकीच्या? कोणाची पोरगी लग्नाची, कोणाचा नवरा आधीच तिरसट.

आईला सांगून टाकलं, यंदा भाऊबीजेला त्याला पाठवू नकोस.

२३ ऑक्टोबर

तरी आला! नवा शर्ट घालून दारात उभा.

"ताई, ऐक ना जरा."

म्हटलं, "आधी चौकीत जा. तिथे ओवाळतील तुला." आणि दार लावलं. बराच वेळ चपला वाजल्या नाहीत. मग गेला.

मी कोणालाच ओवाळलं नाही. पहिल्यांदाच.

२४ ऑक्टोबर

आई धापा टाकत आली. ओमकार सकाळी चौकीत गेला आणि त्याने लिहून दिलं, "कुलूप मीच तोडलं, बायांचा काही संबंध नाही." ठेकेदाराने तिथेच कामावरून काढला. त्याला अजून सोडलेलं नाही.

"काल तुला तेच सांगाया आलेला गो. म्हनला, ताईला सांगतो, कोनी इचारलं तर गप ऱ्हा."

मी गप्प राहणार नाही. निघाले चौकीत.