चालत्या गाडीतल्या फ्रीजबाबत लेखी खुलासा

विजयदुर्ग,
बुधवार, दुपारी जेवणानंतर

श्री. रा. रा. दत्तप्रसादराव व्याही यांसी, विजयदुर्गहून गणपतचा आणि सौ. सुगंधाचा नमस्कार विनंती विशेष.

तुमची तब्येत, सौ. सुभद्रावहिनींचे गुडघे, सुपारीची बाग आणि परवा व्यायलेली म्हैस, सर्व क्षेम असावीत. (खरं तर म्हशीचं आधी विचारणार होतो, पण रीत म्हणून तुमचं विचारलं.) आमच्या तेजस्वीचे पाय अजून सुजतात का, ते मात्र खरं खरं कळवा. ती फोनवर 'बरा आसा बाबा' याच्यापुढे जात नाही, आणि तुमचे चिरंजीव फोनवर नुसते हसतात.

काल मी फोन केला तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "काय ते लेखी द्या." तहसील कचेरीत पस्तीस वर्षं काढलेला माणूस दुसरं काय म्हणणार! तर आमची चाकांवरची खोली, म्हणजे ती कॅरव्हान, रविवारपासून इन्सुलीत तुमच्या गोठ्यासमोर का उभी आहे, आणि कधी हलणार, याचा हा खुलासा. फाइलला लावून ठेवलात तरी चालेल.

सगळं झालं ते तिसऱ्यांच्या शिंपल्यांवरून. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. तुम्ही म्हणालात, विजयदुर्गहून मोठं इस्पितळ लांब पडतं, आठव्या महिन्यात सुनेला एवढ्या रस्त्याने पाठवणार नाही. तुमचं म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. त्यात तेजस्वीला जेवण जाईना, आणि तिने आईकडे एकच गोष्ट मागितली: आपल्या खाडीतल्या तिसऱ्या, आईच्या हातच्या. सुगंधा पदराने डोळे पुसत म्हणाली, चेडू येत नाही तर तिसऱ्या जातील. मी म्हटलं, मग आपली फ्रीजवाली गाडी काय शोभेला आहे? (ही गाडी मी दोन वर्षांपूर्वी मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या जोडप्याकडून घेतली. त्या दिवसापासून सुगंधा तिच्या टपावर कोकमं वाळवते.)

गाडी ओढायला जीप घेतली रफीकची. रफीक म्हणजे बंदरावर मासळीचा व्यापार करणारा माझा जुना दोस्त. बर्फातलं त्याला सगळं कळतं, म्हणून फ्रीजमधलंही कळत असणार, असा आम्हा दोघांचा समज. हा फ्रीज तीन तऱ्हांनी चालतो: घरच्या विजेवर, गॅसवर आणि ओढणाऱ्या गाडीच्या बॅटरीवर. रफीकने आधी सिलिंडरच बंद केला. "चलत्या गाडयेत जाळ नको रे, पेट्रोल पंपार मेलव तर तिसरे कोण खातलो?" राहिली बॅटरी. पण बॅटरीवर हा फ्रीज नव्याने गार करत नाही, आत असलेला गारवा नुसता सांभाळतो. म्हणून आदल्या दिवसापासून तो घरच्या विजेवर लावून ठेवायचा. तसा मी ठेवला. (इथपर्यंत माझ्या हातून चूक नाही, याची नोंद घ्यावी.)

रविवारी सकाळी घरची वायर काढली आणि जीपची जोडणार, इतक्यात वाडीतले मानकरी नारळ घेऊन आले. नव्या कामाला गाऱ्हाणं नको? "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान आज चाकार फ्रीज घातल्यान हा, तो इन्सुलीपर्यंत गार ऱ्हवांदे रे म्हाराजा!" आणि सगळे, "व्हय म्हाराजा!" मग देवापुढे उभेच आहोत तर कुणाच्या गुराचं, कुणाच्या काजूच्या मोहोराचं, कुणाच्या न जमणाऱ्या लग्नाचंही गाऱ्हाणं झालं. पाऊण तास. तेवढा वेळ फ्रीजला ना घरची वीज, ना जीपची. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा आम्ही तळेऱ्यात होतो.

तळेऱ्यात माझी काशीआत्या राहते, आणि तिच्या दारावरून चहा न घेता पुढे गेलेला माणूस आमच्या घराण्यात अजून जन्मायचा आहे. जीप बंद केली. चहा झाला, घावणे झाले, कोण वारलं ते झालं. बाहेर येऊन चावी फिरवली तर जीप नुसती उसासे टाकते! आम्ही आत घावणे खात होतो तेव्हा फ्रीज बाहेर बॅटरी खात होता. रफीक माझ्याकडे बघतो, मी रफीककडे बघतो. शेवटी कॅरव्हान सोडवून आत्याच्या शेजाऱ्यांनी जीप ढकलली, आणि सुगंधाने जाहीर केलं की आता इन्सुलीपर्यंत इंजिन बंद होणार नाही, सख्खा भाऊ दिसला तरी.

इथून खरी गंमत. दत्तप्रसादराव, इंजिन सुरू म्हणजे आम्ही उतरणार नाही, हे आत्याने पुढच्या सगळ्या नातेवाइकांना फोनवर कळवलं. आणि त्याच फोनवर हेही कळवलं की गणपतकडे चालता फ्रीज आहे. आपल्याकडे तुमच्या बाजूला, बांद्याकडे जाणाऱ्या माणसाच्या हाती काही न देणं म्हणजे जवळजवळ अपमान, हे तुम्ही जाणताच. कणकवलीपासून लोक चहाचा कप एका हातात आणि डबा दुसऱ्या हातात घेऊन रस्त्याच्या कडेला उभे! "वाटेवरच तर आसा, तेवढा पोचव." खरवस, अबोलीच्या वेण्या, कोकमाचं आगळ, कुणाच्या सासूची इंजेक्शनं, पूजेचा प्रसाद आणि त्याच्याच शेजारी तीन किलो कोंबडी. सुगंधाने मधे केळीचं पान लावून सोवळ्याची हद्द आखली. ती पहिल्या गतिरोधकावर मोडली. प्रत्येक डब्यासाठी दार उघडायचं, आणि प्रत्येक उघडण्याला थोडा गारवा जायचा. नाही म्हणायची मला छाती झाली नाही. चुलतमामी आहे हो ती!

हे सगळं वाटत वाटत जाताना तुमचा फाटा चुकला, आम्ही थेट बांद्याला पोचलो. परत फिरलो, तर इन्सुलीच्या दारू तपासणी नाक्यावर आमची गाडी गोव्याकडून येताना दिसणार! पांढरी बंद गाडी, आत फ्रीज, आणि चालवणारा घामाघूम. साहेब सभ्य होते. त्यांनी विचारलं, "आतला माल कोणाचा?" मी म्हटलं, "साहेब, तळेऱ्यापासून इथपर्यंत जेवढे भेटले त्या सर्वांचा." त्यांनी आगळाची बाटली उघडून वास घेतला, एक थेंब जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. मग म्हणाले, "इंजिन तरी बंद करा." सुगंधा म्हणाली, "साहेब, तां सोडून काय्येक सांगा."

तुमच्या दारात आलो (तुम्ही तेव्हा घरी नव्हतात), तेव्हा सुगंधाने तिसऱ्यांचं झाकण काढलं, वास घेतला आणि झाकण परत लावलं. सगळ्यांचे डबे जागच्या जागी पोचले, आमचाच तेवढा नाही. मला तिथे, तुमच्या अंगणात, रडू आलं. मी इंजिनकडे बघतोय असं दाखवलं. पण ही हकिगत ऐकून तेजस्वी इतकी हसली की सुभद्रावहिनींच्या हातची पेज दोन वाट्या प्यायली. मग कॅरव्हान बघते म्हणून आत गेली, आईच्या गोधडीवर जरा पडली. "बाबा, हंय आमच्या घरासारखो वास येता," म्हणाली आणि झोपली. दोन तास. चार दिवसांत पहिल्यांदाच धड झोपली, असं वहिनी म्हणाल्या. आम्ही दोघं बाहेर पायरीवर बसून राहिलो, कुणी आवाज करू नये म्हणून.

असो. मुख्य मुद्दा. गाडी न नेण्याचं कारण असं, की जीपला जोडायचा तिचा सॉकेट जळला. मागचे दिवे लागत नाहीत, आणि महामार्गावर तशी गाडी ओढणं कायद्यात बसत नाही. सुटा भाग कोल्हापूरहून मागवला आहे. तो यायला दीड महिना लागेल, असं कळतं. तोवर गैरसोयीबद्दल क्षमस्व.

सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला नम्र व्याही,
गणपत

ता. क. : सॉकेट जळलेला नाही. रफीकच्या खिशात आहे. कोल्हापुराला या प्रकरणातलं काही माहीत नाही.

ता. क. दुसरा : दीड महिन्याचा हिशोब डॉक्टरांनी दिलेल्या तारखेवरून केला आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पोर माहेरी येऊ शकत नाही हे मला पटलं. मग माहेर तिच्या दारात दीड महिना उभं राहिलं तर चालेल का? सुगंधा त्यातच राहील, तुमच्या घरावर भार नाही. फ्रीज तुमच्या विजेवर लावावा लागेल, तेवढी परवानगी असावी. नाही म्हणायचं असेल तर लेखी कळवा. होय असेल तर नुसता फोन करा.

ता. क. तिसरा, सुगंधाच्या हातचा : व्याहीबुवा, ह्यांचा पत्र वाचून तरास करून घेव नकात. सुभद्रावहिनीनी माका आयतवाराकच सांगल्यानी, "ऱ्हवा हंयच, ह्यांका मागसून सांगूया." तुमका सांगूचा तेवढा रवला. मी उद्या सकाळच्या एसटीन येतंय. तेजस्वीक सांगा, तिची आवस येता.