शिळ्या भाकरीचा नाश्ता

आबा, तुम्हाला हसू येईल, पण सध्या मी रोज सकाळी थंड दुधात भिजवलेला भुसा खाते. इथे कॅनडात, लेकीच्या घरी. खोक्यावर चित्र असं की बघतच राहावं, आणि आत पाहावं तर भुसा! जावई प्रेमानं वाडगा पुढे सरकवतात, मी 'छान आहे हं' म्हणते आणि चमचा हलवत बसते. परवा तसं म्हणता म्हणता माझ्या कानात एकदम तुमच्या रशियनांचं 'खराशो' वाजलं, आणि असं हसू फुटलं की दूध नाकातून यायचं तेवढं बाकी राहिलं. लेक विचारते, 'आई, काय झालं गं?' आता तिला काय सांगू? तिनं तुम्हाला पाहिलेलंसुद्धा नाही. म्हणून म्हटलं, ज्यांचा किस्सा आहे त्यांनाच लिहावं.

तुम्ही मालेगावला हायवेवरच्या खाणावळीत आचारी होतात आणि आम्ही नामपूरला. महिन्यातून एकदा यायचात. परत जाताना माय बाजरीच्या भाकरींची चळत धुतल्या फडक्यात बांधून द्यायची. दुसऱ्यांना दोन्ही वेळा रांधून घालणाऱ्या माणसाला कशाला हव्यात एवढ्या भाकरी, असं मला वाटायचं. मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, 'वाटेत खातो.' मालेगाव काय असं सातासमुद्रापार होतं? पण मायनं कधी विचारलं नाही, मीही पुढे विचारलं नाही. कसं चाललंय म्हटलं की तुमचं उत्तर ठरलेलं, 'मस्त चाललंय.' आणि तुम्ही एवढ्या जोरात म्हणायचात की आम्हाला खरंच वाटायचं.

मग सत्तर सालानंतर कधीतरी ते ओझरचं काम आलं. विमानाच्या कारखान्यात रशियातून इंजिनिअर आले होते, त्यांच्या गेस्ट हाउसचं स्वयंपाकघर एका ठेकेदारानं घेतलं होतं आणि त्याला आचारी हवा होता. तुम्ही ओझर गावात खोली घेतली, आम्हाला बोलावून घेतलं, आणि जन्मात पहिल्यांदा आपण सगळे एका छपराखाली झोपायला लागलो. मी एसटीनं नाशिकला कॉलेजला जायला लागले. मायनं दारात तुळस लावली, म्हणजे तिनं मुक्कामच ठोकला. पण ठेकेदार शेठनं पहिल्याच दिवशी तुम्हाला बजावलं होतं, 'पाहुणे खूश, तर काम पक्कं. नाहीतर तुमचं मालेगाव काही कुठे पळून गेलेलं नाही.' हे तुम्ही घरी हसत हसत सांगितलंत. माय हसली नाही. ती तुळशीला पाणी घालायला उठून गेली.

आणि त्या पाहुण्यांच्या नाश्त्याचा पहिला बोजवारा उडवला तो आपण दोघांनी मिळून. 'साहेब लोक सकाळी काय खातात गं?' असं तुम्ही मला विचारलंत. मी कॉलेजात इंग्रजी घेतलेलं, मला काय, सगळंच माहीत! टोस्ट, लोणी, जाम, अर्धं कच्चं अंडं, दूध घातलेला चहा. मी फर्मान सोडलं आणि तुम्ही नाशिकच्या बेकरीतून पावाच्या लाद्या आणल्यात. गोरा म्हणजे इंग्रज, आपल्याला दुसरा गोरा ठाऊकच कुठे होता? ते बिचारे रशियन रोज टेबलावर बसायचे, 'खराशो, खराशो' म्हणायचे, म्हणजे उत्तम, आणि टोस्ट तसेच टाकून कामाला जायचे. ताटं परत यायची ती पाहवत नव्हती म्हणे. संध्याकाळी तुम्ही घरी येऊन भिंतीला टेकून बसायचात. 'तोंडानं चांगलं म्हणतात आणि पोटात काही जात नाही. आता यांचं करावं तरी काय?' मी म्हणायची, 'आबा, मार्मलेड आणून बघा.' मार्मलेड! देवा, काय अक्कल ती माझी.

त्यांच्यात एक दांडगा इंजिनिअर होता, त्याला तुम्ही पहेलवान म्हणायचात. एका सकाळी तो जेवणघरात एकटाच बसलेला तुम्ही खिडकीतून पाहिलात. त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली, पुडीतून काळ्या पावाचा वाळलेला तुकडा काढला, त्याच्या गावाकडचा. नाकाशी धरला. मग इतकुसा कोपरा दातांनी मोडून तोंडात ठेवला, चावला नाही, नुसता ठेवला, आणि बाकीचा तुकडा पुन्हा कागदात गुंडाळला. त्या रात्री जेवताना हे सांगता सांगता तुमचा घास हातातच राहिला. मायकडे न बघता तुम्ही म्हणालात, 'मी मालेगावला असंच करायचो. शेवटची भाकरी आठ दिवस पुरवायचो.' मायनं तुमच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली, तुम्ही नको नको म्हणत असताना.

दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांना गरमागरम बाजरीची भाकरी करून वाढलीत, वर तूप. खराशो! आणि ताटं परत. तुम्ही वैतागून स्वयंपाकघरात येऊन स्वतःचा डबा उघडलात. त्यात नेहमीचाच तुमचा नाश्ता, रात्रीची भाकरी, दही, कांदा. दोन घास खाल्ले असतील नसतील, तर दारात पहेलवान उभा, चहाचा पेला घेऊन. तुम्ही झटकन डब्यावर फडकं टाकलंत. परक्या माणसापुढे शिळं खाताना सापडलो म्हणून कानकोंडे झालात. पण तो हलेना. नाक वर करून त्यानं वास घेतला, पुढे आला, फडकं उचललं आणि हात पुढे केला. तुम्ही मान हलवलीत. पाहुण्याला शिळं द्यायचं? आपल्यात ते पाप. त्यानं हात तसाच ठेवला. शेवटी तुम्ही एक तुकडा मोडून दिलात. कडक, जराशी आंबूस, चिवट. त्यानं तो दह्यात बुडवून खाल्ला आणि त्या दिवशी 'खराशो' म्हणालाच नाही. दुसरा तुकडा मागितला. तुमचा सगळा डबा फस्त करून गेला आणि तुम्ही दिवसभर उपाशी, पण संध्याकाळी घरी आलात ते शीळ घालत!

त्यानंतर काय बहार आली म्हणून सांगू! म्हणजे तुम्हालाच काय सांगायचं, तुम्हीच आम्हाला रोज सांगायचात. त्यांच्यात एक दुभाषी बाई होती, पुस्तकातून शिकलेलं हिंदी बोलायची. ती तुमच्या शेजारी ओट्याला टेकून उभी राहायची आणि म्हणायची, 'महोदय, हमारे देश में प्रातःकाल लोग दलिया खाते हैं।' तुम्ही दलिया मीठ-लोणी घालून शिजवलात. दह्याचं पाणी काढलेला चक्का त्यांना हवा असायचा, साखर न घालता. तुम्ही श्रीखंडाच्या वाटेवर असायचात आणि ते मधेच अडवायचे. कणकेची धिरडी घातलीत, वर साय दिलीत, तर ती बाई डोळे पुसायला लागली. चहात त्यांना दूध नको, जाम हवा. जाम संपला म्हणून तुम्ही मायचा गुळांबा दिलात, तर जामाचं नाव कुणी काढीना. तो चहा तुम्ही एकदा घरी करून आम्हाला पाजलात. माय म्हणाली, 'हाई काय शे? काढा शे का?' आणि रविवारी तुम्ही त्यांना मिसळ दिलीत, कट बेतानंच घालून. पहेलवानाचं तोंड लालबुंद, नाकातून धारा, शर्ट भिजलेला. पुढच्या रविवारी तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला.

पण रोजच्या नाश्त्याला भाकरी हवी ती शिळीच. तुम्ही संध्याकाळी घरी निघताना त्यांच्यासाठी भाकरी थापून, फडक्यात झाकून ठेवायला लागलात. आणि नेमक्या एका सकाळी शेठ टपकला. टेबलावर बघतो तर काय, परदेशी पाहुण्यांच्या ताटात कालची भाकरी! त्यानं तुम्हाला सगळ्यांसमोर झापलं. 'लाज नाही वाटत? देशाच्या पाहुण्यांना शिळं घालतोस? ताजं पीठ विकतोस की काय बाजारात?' तुम्ही सांगायला गेलात, त्यानं ऐकलं नाही. रशियन कामाला जायच्या घाईत, भांडण कशाचं ते त्यांना कळेना. तुम्ही एप्रन काढून खुंटीला लावलात आणि घरी आलात. मी कॉलेजातून आले तेव्हा माय भांडी पोत्यात भरत होती. तुळशीच्या कुंडीभोवती तिनं सुतळी गुंडाळली होती. मला रडू कोसळलं. तुम्ही म्हणालात, 'अगं, मालेगावला मस्त चालतं माझं.' आबा, या वेळी त्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही.

दुसरी सकाळ गेली, तिसरी गेली. चौथ्या सकाळी मी दारात दात घासत होते, तर गल्लीत बस शिरली. गेस्ट हाउसची, रशियनांना कारखान्यात नेणारी. गल्ली केवढी, बस केवढी! कोंबड्या उडाल्या, शेजारीपाजारी बाहेर आले. बसमधून पहेलवान उतरला, मागून दुभाषी बाई, मागून बाकीचे. माय आत पळाली, डोक्यावर पदर घेत. दुभाषी बाईनं हात जोडले आणि म्हणाली, 'महोदय, हम दो दिन से टोस्ट खा रहे हैं।' एवढं तिनं इतक्या दुःखानं सांगितलं, की तुम्हाला हसावं का रडावं कळेना. माय आतून कुजबुजते, 'पाव्हना उनात, नि घरमा शिळी भाकर!' पाहुणे आले नि घरात शिळंच, असं तिचं. तुम्ही म्हणालात, 'तीच दे.'

ओट्यावर बसले सगळे, आपल्या ओट्यावर, मांडी घालता येईना म्हणून पाय गल्लीत सोडून. आमच्या वाटणीच्या भाकरी संपल्या. मायला राहवेना, तिनं चूल पेटवून ताजी टाकली आणि पहेलवानापुढे ठेवली. त्यानं बोट लावलं, चटका बसला, आणि तो हात हलवत म्हणाला, 'नहीं, नहीं! पुरानी!' गल्ली जी हसली! माय पदरात तोंड घालून हसली. तिला असं हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलंय. तेवढ्यात बस कुठे अडकली म्हणून शोधत शेठ स्कूटरवर आला. समोर बघतो तर देशाचे पाहुणे आपल्या ओट्यावर कांदा फोडतायत. दुभाषी बाईनं त्याला शुद्ध हिंदीत काय सुनावलं ते अर्धं आम्हाला कळलं नाही, पण शेठला सगळं कळलं. तो तुमच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, 'उद्यापासून या.' तुम्ही म्हणालात, 'येतो. पण भाकरी शिळीच वाढणार.' शेठ म्हणाला, 'वाढा बाबा, हवी तेवढी शिळी वाढा. आणि काम पक्कं समजा.' मायनं तिथल्या तिथे कुंडीची सुतळी सोडली.

पुढे पहेलवान सुट्टीवर घरी जाऊन आला तेव्हा त्यानं तुमच्यासाठी एक अख्खा काळा पाव आणला. तुम्ही तो पोरगी बघायला आल्यासारखा फिरवून फिरवून पाहिलात. खाल्लात तेव्हा डोळे मिटले गेले, इतका आंबट! 'आपल्या भाकरीची मावसबहीण आहे,' तुम्ही म्हणालात, 'पण स्वभावानं आंबट.' तरी संपवलात तुम्ही तो. एकट्यानं, रोज थोडा थोडा. पाहुणे परत गेले, नवे आले, त्यांनाही तुम्ही शिळ्या भाकरीची सवय लावलीत. माझं लग्न त्याच ओट्यासमोर झालं. ऐंशीनंतर तुम्ही गेलात, तेही ओझरलाच, मायच्या हातचं खाऊन. मालेगावला परत जावं लागलं नाही, हे मला फार मोठं वाटतं, आबा. आजही वाटतं.

आता इथली गोष्ट सांगते आणि आवरते. माझी लेक चार वर्षांपूर्वी इकडे आली. निघताना मी तिला विमानात खायला म्हणून बाजरीच्या भाकरी बांधून दिल्या होत्या, माझ्या जुन्या सुती साडीच्या फडक्यात. ती कुरकुरली होती, 'आई, विमानात जेवण देतात गं.' तेव्हापासून दर फोनवर मी विचारते, सकाळी काय खातेस, आणि ती म्हणते, 'टोस्ट, सिरियल, मस्त चाललंय.' किती जोरात म्हणते! काल ते दोघं कामावर गेल्यावर मी मटार शोधायला फ्रीजर उघडला. मटाराच्या मागे, पार तळाशी, ते फडकं. माझ्या साडीचा काठ मी कुठेही ओळखेन. उघडलं तर आत अर्धी भाकरी, कौलासारखी कडक, आणि कडेनं इतकी इतकीशी कुरतडलेली. सगळी कड तशी. मी तिथेच फरशीवर बसले. कितीतरी वेळ फ्रीजर उघडाच राहिला.

तिला काही विचारलेलं नाही. फडक्याच्या घड्या होत्या तशाच घालून पुडी जागेवर ठेवली, मटार पुढे लावले. संध्याकाळी तिला घेऊन इंडियन दुकानात गेले, बाजरीचं पीठ आणलं, आणि रात्री मापापेक्षा जास्त भाकरी थापल्या. 'एवढ्या कशाला गं?' म्हणते. म्हटलं, 'राहू देत, उद्या शिळ्या होतील.' ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं दही विरजायला घेतलं.

हे पत्र कुठे टाकायचं, मला ठाऊक नाही, तेव्हा पिठाच्या डब्याखालीच राहील. एक मात्र तुम्हाला सांगून टाकते, लेकीला कळू द्यायचं नाही. पुडी परत ठेवण्याआधी त्या अर्ध्या भाकरीचा एक कोपरा मी मोडून खाल्ला. चावला नाही, आबा. नुसता तोंडात ठेवला.