झाकणावरचा संत

ओंद्रेई,

बाबा सांगायचे, "गाडी गरम झाल्यावर धापा टाकून बंद पडू लागली तर आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल कर, इंजिन नंतर उघड." काल तू वाफेच्या न्हाणीघरात गेलास तेव्हा मी बर्फगाडी फिरवून तेवढंच करून पाहिलं. सुस्कारा टाकल्यासारखी हवा आत गेली आणि गाडीत जीव आला. तीन आठवडे तू कार्ब्युरेटर खोलत बसलास, पण दोष माझा. तुझं रक्षण व्हावं म्हणून मीच झाकणावर संत त्रिफोनचं चित्र चिकटवलं, नेमकं त्यातल्या हवेच्या भोकावर. हवा जाईना, म्हणून पेट्रोल उतरेना. "ताई, तुझ्याबरोबर गाडीनेही उपास धरलाय," असं तू चिडून म्हणालास, ते खरंच निघालं. क्षमा कर. चित्र काढलंय.

तळ्यापलीकडच्या फ्योदोरा मावशीची लाकडं आज संपतील. त्याआधी पोचवू, हा शब्द तू दिला होतास, आणि काल गोठलेल्या तळ्यावर अर्ध्या वाटेतून परत फिरावं लागलं तेच तुला लागलंय. पाय सुजलेत तुझे, उठू नकोस. चुलीवर माशांचं कालवण आहे, सगळं तुझंच. मला उपासात मासे चालत नाहीत. लाकडांनी भरलेली घसरगाडी तळ्याच्या काठाला आहे, ती जोडून मीच जाते. तुझी झोप मोडू नये म्हणून गाडी उतारावरून ढकलत नेते, तळ्यावर पोचल्यावर सुरू करीन.

डोम्ना